आत्याची कोरियातली माणसं

कोरियातल्या माणसांची जेवढी काळजी माझ्या आत्याने लालबागच्या एका खोलीत बसून वाहिली, तेवढी त्यांच्या सरकारनेसुद्धा वाहिली नसेल. तिथे कोणाचं लग्न मोडलं, कोणाची नोकरी गेली, कोणाला साध्या स्वेटरवर बर्फात उभं केलं, की इकडे आत्याच्या घशाखाली घास उतरत नसे. "ती पोर अजून बसस्टॉपवरच उभी आहे रे," असं ती जेवताना हळहळून सांगायची. माझं लग्न झालं तेव्हा पहिले काही महिने माझ्या बायकोला वाटायचं, आमचं कोणी नातेवाईक खरंच कुठेतरी ताटकळलंय आणि या घरातली पुरुषमाणसं खुशाल आमटी-भात ओरपताहेत.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आजोबांची गिरणी बंद पडली तेव्हा घरात मिळवती तीच. मग भावांची शिक्षणं, भावांची लग्नं, आजीचं आजारपण, असं करता करता तिचं स्वतःचं लग्न कुणाच्या लक्षातच राहिलं नाही, बहुधा तिच्याही. नोकरी बॅलार्ड पियरच्या एका जहाज कंपनीत, टेलिफोन ऑपरेटरची. सगळा जन्म तिने कानाला यंत्र लावून इकडच्याला तिकडे जोडून देण्यात काढला. निवृत्त झाली आणि आमच्या शेजारच्या खोलीत एकटी राहू लागली. चाळीत तिला सगळे आत्याच म्हणत, तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. आमच्या खोलीत दोन मुलं, एक मिक्सर आणि आईची भजनाची मंडळी. त्यामुळे घरून काम सुरू झाल्यापासून मी लॅपटॉप घेऊन आत्याकडे बसू लागलो, आणि एका डोळ्याने हिशेब व दुसऱ्या डोळ्याने कोरिया बघू लागलो.

त्या दुपारी मला अजून आठवतात. समोरच्या गल्लीतून मसाला कांडणाऱ्या डंकांचा धपधप आवाज यायचा, भाजल्या मिरचीचा ठसका खिडकीतून आत यायचा, आत्या पडदा अर्धा ओढून घ्यायची, आणि त्या तांबूस अंधारात टीव्हीवर कुठल्यातरी अनोळखी गावात संथपणे पानगळ होत असायची. आत्याला हिंदीत डब केलेली मालिका चालत नसे. "माणूस आवाजात असतो. तोच बदलला तर राहिलं काय?" असं ऑपरेटरबाईंचं मत. खाली इंग्रजी अक्षरं यायची, पण ती वाचेपर्यंत पळून जातात म्हणून आत्या ती वाचतच नसे. आवाज ऐकायचा आणि अर्थ आपला आपण लावायचा. पहिल्या वाक्यालाच ती सांगायची, हा गुळगुळीत बोलतोय, हा पुढे दगा देणार. आणि तो हटकून द्यायचा. एक गोष्ट मात्र तिने अक्षरांतून नीट पडताळून घेतली होती. ही माणसं भेटली की आधी एकमेकांना 'जेवलास का' असं विचारतात. हे कळलं त्या दिवशी ती इतकी हरखली की तिची कचेरीतली शुद्ध मराठी सुटून मालवणी बाहेर पडली. "आपलीच माणसां रे ती! नुसती जरा लांब रवतत!"

आपली म्हटल्यावर मग त्यांना बोलायचा हक्कही आलाच. नायकाने नायिकेचं मनगट धरून ओढलं की आत्या ओरडायची, "हात सोड मेल्या, तिका लागता!" नायकाची श्रीमंत आई हॉटेलात बोलावून गरीब नायिकेच्या तोंडावर ग्लासभर पाणी फेकते, असा प्रसंग या मालिकांत बहुधा कायद्यानेच सक्तीचा असावा. त्या बाईचा आत्याला विलक्षण संताप. अपमानाचा नव्हे, पाण्याचा. आमच्याकडे नळ पहाटे येतो आणि दात घासून होईपर्यंत जातो. "भरल्या ग्लासाचं पाणी! तोंडावर!" असं पुटपुटत ती उठून आपल्या पिंपावरचं झाकण नीट बसवून यायची. दोन माणसं फार आनंदात बोलत रस्ता ओलांडायला लागली की आत्या डोळ्यांवर पदर घ्यायची, कारण अशा वेळी कोपऱ्यावरून पांढरा ट्रक येतो आणि एकाची स्मृती जाते, हे तिला अनुभवाने ठाऊक झालं होतं. पुढे पुढे हा धसका खऱ्या रस्त्यावरही गेला. भारतमाता सिनेमाच्या नाक्यावर सिग्नल ओलांडताना मी एकदा तिला माझ्या बढतीची बातमी सांगायला लागलो, तर तिने माझ्या दंडाला धरून गप्प केलं. "आधी पलीकडे चल. आनंदाचं रस्त्यात बोलू नये."

पण तिचा जीव खरा अडकायचा तो दुसऱ्या नायकात. प्रत्येक मालिकेत असा एक असतो: सरळ, समंजस, नायिकेसाठी छत्री घेऊन उभा राहणारा आणि शेवटी ती छत्री तिच्या हातात देऊन स्वतः भिजत जाणारा. त्याच्यासाठी आत्या रडायची आणि रडता रडता त्याला फैलावर घ्यायची. "तोंडाला काय कुलूप घातलं होतं तुझ्या? वेळेवर बोलला असतास तर?" मी म्हटलं, अगं, तो दुसऱ्या भागातच बोलला तर मालिका संपेल. त्यावर ती थंडपणे म्हणाली, "संपू दे. माणूस तरी सुखी होईल."

एवढं बोलूनही तिला घाई मात्र मुळीच खपत नसे. माझा पिंड हिशेबनिसाचा. नायक वळणार हे दिसत असताना त्याने एकदा समोरून, एकदा मागून आणि एकदा वरून वळावं, हे मला सहन होईना. एक दिवस ती चहा टाकायला गेली असताना मी गुपचूप वेग वाढवून ठेवला. ती आली, कप हातात घेऊन दोन क्षण उभी राहिली, आणि माझ्याकडे अशी बघू लागली की मी जणू देवघरात चपला घालून शिरलो होतो. "तो वळतोय ना? त्याला वळू दे. पहिल्या वेळी तो बघतो, दुसऱ्या वेळी ती बघते, तिसऱ्या वेळी आपण बघायचं. भात वाफेवर असताना झाकण काढतोस का तू?" मी आयुष्यात कधी भात लावलेला नसल्यामुळे मुकाट्याने वेग पूर्ववत केला. एकदा नुसते दोन हात एका टेबलावर जवळजवळ ठेवलेले, त्यांतल्या एकाची करंगळी दुसऱ्याकडे सरकायला अख्खा भाग गेला. तो भाग संपल्यावर आत्याने टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "सुंदर झालं." त्या वेळी तिचा चेहरा असा काही झाला होता की माझा हिशेब चुकला आणि मला तो नंतर सगळा पुन्हा करावा लागला.

या कोरियात चाळीतलं दुसरं माणूस शिरलं ते देवाच्या वाटेने. आमची चाळ म्हणजे मूळची सगळी सिंधुदुर्गातली, त्यामुळे चाळीच्या गणपतीला विसर्जनाआधी गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्यांच्या वतीने एकाने देवाला मोठ्याने साकडं घालायचं आणि दर वाक्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. कोणाची परीक्षा, कोणाचा गुडघा, कोणाचा जागेचा वाद, ज्याचं जे असेल ते त्याने आधी गाऱ्हाणेवाल्याच्या कानात सांगून ठेवायचं. आमचे गाऱ्हाणेवाले म्हणजे खालच्या मजल्यावरचे नाना. माझगावच्या गोदीत क्रेन चालवून निवृत्त झालेले. बायको जाऊन पुष्कळ वर्षं झालेली, मुलगा विरारला. एरवी नाना इतके मुखदुर्बळ की बायकामाणूस जिन्यात समोर आलं तर भिंतीला चिकटून वाट देतील आणि तेही डोळे मिटून. पण गाऱ्हाण्याला उभे राहिले की छपरावरची कबुतरं उडत.

गेल्या गणपतीत आत्याने त्यांच्या कानात सांगितलं, "नाना, एका पोराचं मोठं ऑपरेशन आहे. जगण्याची खात्री नाही म्हणतात." नानांनी ते इमानाने घातलं. "आणि म्हाराजा, आत्याबायच्या वळखीच्या एका झिलाचा मोठा ऑपरेशन आसा, तेका धड घराक हाड रे म्हाराजा!" आणि सगळी चाळ गहिवरून म्हणाली, "व्हय म्हाराजा!" दुसऱ्या दिवशी दोन बायका पेशंटसाठी डबा कुठे पोचवायचा ते विचारून गेल्या. आत्याने शरमेने विषय बदलला. संध्याकाळी नाना आले, उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "झिल कसो आसा?" आत्याने काय करावं? तिने मुकाट्याने टीव्हीकडे बोट केलं. पडद्यावर तो झिल नाकात नळ्या घालून पडला होता. नानांनी बघितलं. आता हसतील किंवा रागावतील असं मला वाटलं. नाना म्हणाले, "कधी आसा ऑपरेशन?" आत्या म्हणाली, "उद्याच्या भागात." "बरां," म्हणून नाना गेले, आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर आले.

झिल वाचला. पण नाना यायचे थांबले नाहीत. ती मालिका त्यांनी संपेपर्यंत उंबऱ्याबाहेर उभं राहून पाहिली. पुढची मालिका गॅलरीत स्टूल ठेवून पाहिली. तिसऱ्या मालिकेत केव्हातरी स्टूल आत आलं, पण दाराला टेकून. मग एका मालिकेत, मला वाटतं राजवाड्यातली होती, नाना खुर्चीत बसलेले दिसले. चहा आधी स्टीलच्या पेल्यात यायचा, तो कपबशीत यायला लागला. बोलणं जवळजवळ नाहीच. पाणी फेकणारी आली की आत्या म्हणायची, "बघा," आणि नाना म्हणायचे, "बघतंय." एवढाच संवाद. मी आणि माझी बायको रोज रात्री आमच्या खोलीत खुर्ची किती सरकली याची चर्चा करायचो. करंगळी सरकायला भाग लागतो तर खुर्ची सरकायला वर्ष लागणारच, असं माझी बायको म्हणाली. तीही एव्हाना बिघडली होती. जिला यातलं काहीच दिसत नव्हतं अशी चाळीत एकटी आत्याच होती. हजारो मैलांवरच्या माणसांच्या मनातलं तिला आवाजावरून कळायचं. खोलीतला माणूस बोलतच नव्हता, त्याला ती तरी काय करणार!

आणि यंदा श्रावणात, एका भागाच्या ऐन मध्यात, नाना बोलले. "गावचा घर तयार झाला. गणपती झाले की जातंय. आता थंयच."

आत्याने रिमोट उचलला आणि मालिका थांबवली. तिने मधेच काही थांबवलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पडद्यावर नायिका तोंड उघडं टाकून तशीच राहिली. "बरं," आत्या म्हणाली, आणि दूध उतू जातंय का बघायला आत गेली. गॅसवर दूध नव्हतं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. नाना सामानाच्या बांधाबांधीत, खुर्ची रिकामी. आत्या मालिका लावायची, पण पाणी फेकणारीने पाणी फेकलं तरी हिच्या तोंडून शब्द नाही. एकदा मी मुद्दाम तिच्यासमोर वेग वाढवला. ती म्हणाली, "ठेव, लवकर संपेल तरी." तेव्हा मात्र मला राहवेना. मी टीव्ही बंद करून सरळ विचारलं, "तू त्यांना सांगत का नाहीस, जाऊ नका म्हणून?" ती म्हणाली, "मी काय म्हणून सांगू? मी कोण त्यांची? आणि ते चाललेत ते त्यांच्या घरी. घरी जाणाऱ्याला अडवतात का?" मग म्हणाली, "मालिकेतल्या पोरी पंचविशीतल्या असतात रे. माझे आता मोतीबिंदू निघालेत." मला तिचा इतका राग आला आणि इतकी माया वाटली की मी लॅपटॉप उचलून आमच्या खोलीत गेलो, मिक्सरच्या शेजारी.

आमचा गणपती गौरीबरोबर जातो. त्या दुपारी सगळी चाळ मंडपात जमली. हे नानांचं शेवटचं गाऱ्हाणं, हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे एरवी टाळाटाळ करणारेही हात जोडून उभे होते. आत्या पुढच्या रांगेत, डोळे मिटून. नानांनी सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज जी काय तुझ्या लेकरांनी मोडकीतोडकी सेवा केली, ती गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग गुडघे झाले, परीक्षा झाल्या, पाण्याचा नळ झाला. लय लागली होती. व्हय म्हाराजा आता डोक्यातून नाही, थेट छातीतून येत होतं, जसं दरवर्षी येतं. नानांनी उपरण्याने तोंड पुसलं. मग त्यांनी असा आवाज लावला की शेजारच्या चाळीतले लोक गॅलरीत आले.

"आणि म्हाराजा, गाऱ्हाणा घालणाऱ्या ह्या लेकराचा आज एक मागणा आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"गावाक घर बांधलंय, पण घरात बोलूक माणूस नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तर ह्या आत्याबायन माझी घरकारीण म्हणान माझ्यावांगडा गावाक येवचा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नानांनी बायको मागितली हे डोक्यात शिरायच्या आधीच सगळी चाळ म्हणाली. सवयच ती. आणि त्या सगळ्या आवाजांत पुढच्या रांगेतून एक आवाज अगदी स्पष्ट, खणखणीत, ऑपरेटरचा. आत्याने डोळे मिटल्या मिटल्या 'व्हय म्हाराजा' म्हटलं होतं. मग तिने डोळे उघडले. मंडपात कोणाच्या तरी हातातली झांज खाली पडली, ती बराच वेळ फिरत राहिली. नानांचे कान लालबुंद. त्यांना पुढचं काही सुचेना, तेव्हा त्यांनी "गणपती बाप्पा" म्हटलं, आणि आमच्या चाळीच्या इतिहासात पहिल्यांदाच त्यावर कोणी 'मोरया' म्हणालं नाही.

त्या रात्री चाळीत दोन तट पडले. देवासमोर दिलेला शब्द तो शब्द, असं एका तटाचं म्हणणं. सवयीने निघालेला होकार धरता येत नाही, नाहीतर आम्ही आजवर कशाकशाला व्हय म्हटलंय ते बघा, असं दुसऱ्या तटाचं. आत्याने दार लावून घेतलं. आमच्याकडे घरात मयत झाल्याशिवाय कोणी दार लावून घेत नाही. मी बाहेरून म्हटलं, "आत्या, तुझ्या वतीने मी नाही म्हणून सांगून येऊ का?" मग आतून आवाज आला, "मी कुठे तसं म्हटलं?"

दुसऱ्या दिवशी पहाटे नळ आले होते, कळशांची रांग लागली होती, आणि आत्या कचेरीत जायची तशी इस्त्रीची साडी नेसून जिना उतरली. नानांच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिली. आत ट्रंका दोरीने बांधलेल्या. नाना उठले, म्हणाले, "आत येवा." ती आत गेली नाही. नळ चालू होते, पण भांडं कोणी पुढे सरकवत नव्हतं. आमच्या चाळीत पाणी असं वाहून गेलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. आत्या म्हणाली, "नाना, काल मी जे म्हटलं, ते सवयीने तोंडातून गेलं. ते धरू नका." नानांनी मान खाली घातली. म्हणाले, "नाय धरूचंय." "आज मी विचार करून आले आहे," आत्या म्हणाली. तिचा आवाज एवढा बारीक झाला होता की पुढचा शब्द पहिल्या दोन कळशांच्या पलीकडे कोणाला ऐकू आला नाही. पण नानांचा चेहरा सगळ्यांना दिसला. मग कोणीतरी 'मोरया' म्हणालं, आदल्या दिवशीचं राहिलेलं.

रजिस्टर लग्न करून दोघं गावी गेली. लालबागहून सुटणाऱ्या बसमध्ये मी त्यांना बसवून दिलं. आत्या खिडकीशी बसली होती आणि सारखं मला सांगत होती, पिंपाचं झाकण नीट लाव. बस हलली तेव्हा मी चाळीस वर्षांचा बाप्या माणूस फूटपाथवर उभा राहून रडलो. टीव्ही ती मलाच देऊन गेली. मी दुपारी तिच्या खोलीत बसतो, मालिका लावतो, कोणी वळत असलं तर वळू देतो. खोली रिकामी आहे आणि मला करमत नाही.

परवा तिला फोन लावला. म्हटलं, तिथे नेट येतं का, काय बघतेस? म्हणाली, टेकडीवर चढलं तर येतं, पण कोण चढतो! अर्धी मालिका तशीच राहिली आहे, ती पोरं आता माझ्यावाचून सांभाळतील. मग 'जेवलास का' हे विचारून झालं, मुलांचं विचारून झालं. तेवढ्यात मागून, अंगणातून असावं, नानांनी कोणाला तरी हाक मारली. गाऱ्हाण्यातला आवाज नव्हे, हलका. मला क्षणभर कळेना, ते कोणाला बोलावताहेत. मग लक्षात आलं. ते आत्याचं नाव होतं. आजी-आजोबा त्या नावाने हाक मारायचे. मग ते गेले. बाबा एकटेच मारायचे, मग बाबाही गेले. आमच्यासाठी ती आत्या, कचेरीत ती ऑपरेटर. तिला स्वतःचं एक नाव आहे, आणि ते इतकं गोड आहे, हे मी पार विसरून गेलो होतो.

"इलंय हां," ती तिकडे म्हणाली. मग मला म्हणाली, "ठेवते रे," आणि ठेवलाच. ते नाव मी इथे लिहिलेलं नाही. इतकी वर्षं आम्ही कोणी ते वापरलं नाही. आता जो वापरतोय त्याच्यापाशीच ते असू दे.